रुजवातीतून सुटका

टंकलेखक म्हणून सरकारी कचेरीत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. सारी नोकरी नकला काढण्यात गेली. त्यातून उमजलेलं थोडं.

1. कार्बनला मर्यादा असते. कळा कितीही जोरात बडवा, शेवटची प्रत पुसटच येते. एक अक्षर चुकलं, की प्रत्येक प्रतीवर खोडरबर चालवा. म्हणून पुसट प्रत आपल्या फाईलला लावायची, ठळक प्रत बाहेर पाठवायची.

2. सायक्लोस्टाईल घाऊक कामाचं. परिपत्रकाच्या शेकडो प्रती हव्या असतील, तर स्टेन्सिल कापणं परवडतं. चार प्रतींसाठी हात शाईने कोण माखून घेणार?

3. वैतागातूनही शोध लागतो. अमेरिकेत एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करणाऱ्या चेस्टर कार्लसनला सतत नकला लागायच्या. फोटो काढणं महाग, हाताने उतरवणं जिकिरीचं, त्यात संधिवात. 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात त्याने स्थिर विजेच्या साहाय्याने कोरडी नक्कल काढली. कचेऱ्यांत सहज वापरता येईल असं झेरॉक्स 914 हे यंत्र यायला मात्र 1959 उजाडलं.

4. झेरॉक्समुळे खरा वेळ वाचला तो रुजवातीचा. उताऱ्याची नक्कल टाईप झाली, की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत जायचं. नाव, गट नंबर, क्षेत्र. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर भाऊबंदकीला निमित्त. झेरॉक्समध्ये मूळ कागदावरची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरते आणि तेच तिचं मोल. दोन माणसं दुसऱ्या कामाला मोकळी झाली.

5. पावसाळ्यात रीम उघडी ठेवू नका. टोनरची भुकटी विजेच्या ओढीने कागदावर येते. कागद सादळला, की ती नीट बसत नाही, छपाई फिकी येते. शिवाय कागद मशीनमध्ये अडकतो तो वेगळाच.

6. नक्कल स्वस्त झाली, की मागणारे वाढतात. पूर्वी प्रत मागताना साहेबही विचार करत; पुढे साध्या अर्जालाही तीन-तीन संच लागू लागले. 2015 मध्ये राज्य सरकारने स्वयंसाक्षांकनाला मुभा दिली, तेव्हा निदान राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठीचे हेलपाटे कमी झाले.

7. ओळखपत्राची झेरॉक्स कोणाला देताना तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली, तारीख, सही. मजकुराला धक्का न लावता, पण खोडता येणार नाही असं. मशीनला एवढंच कळतं, की समोर कागद आहे. तो कोणत्या कामाचा, हे आपणच सांगायचं.