पक्षीच तर होता!

गेल्या महिन्यात एक काकू रक्तदाब दाखवायला आल्या. एरवी १३०/८० च्या आसपास असणारा रक्तदाब त्या दिवशी १६८/९६. गोळी चुकली का, लोणचं-पापड जास्त झालं का, सगळं विचारून झालं. सगळ्याला 'नाही'. मग रुमाल काढत म्हणाल्या, "डॉक्टर, हसू नका हं. आमचा कॉकटेल गेला."

कॉकटेल म्हणजे डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली असलेला छोटा पोपट. सात वर्षं त्यांच्याकडे होता. कुकरची शिट्टी इतकी हुबेहूब काढायचा की काकू गॅस बंद करायला धावायच्या. रात्री चांगला होता, सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं तर तळाशी पडलेला. आता कुकरची खरी शिट्टी झाली तरी त्यांचा हात थांबतो. चार रात्री झोप नाही. घरचे म्हणतात, "पक्षीच तर होता, दुसरा आणू."

अशा दुःखाला अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये नाव दिलं. आपण त्याला 'मान्यता नसलेलं दुःख' म्हणू. पक्ष्याचा दहावा-तेरावा होत नाही, शेजारीण पिठलं-भात घेऊन येत नाही, ऑफिसातून रजा मिळत नाही. रडायचं ते बाथरूममध्ये. शरीराला मात्र गेलेला जीव किती ग्रॅमचा होता याच्याशी देणंघेणं नसतं. झोप उडते, भूक मरते, रक्तदाब आणि साखर दोन्ही वर जाऊ शकतात.

काकूंना सगळ्यात जास्त एकच गोष्ट टोचत होती, "मला कसं कळलं नाही?" कळणं अवघडच असतं. जंगलात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे अगदी असह्य होईपर्यंत आजार लपवणं पक्ष्यांच्या रक्तातच आहे. पिसं फुगवून बसणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, दांडी सोडून तळाशी उतरणं ही लक्षणं दिसतात तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. कधी कारण स्वयंपाकघरात निघतं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षमतेने शोषतात, आणि विषही तसंच. हे मी काकूंना सांगावं की नाही, असा क्षणभर विचार केला. सांगितलं. त्यांच्याकडे लोखंडी तवा निघाला, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

तुमच्याकडेही असा पक्षी गेला आणि घरात आणखी पक्षी असतील तर मृत पक्षी पिशवीत घालून साध्या फ्रीजमध्ये (फ्रीजरमध्ये नको, आणि खाण्याच्या वस्तूंपासून दूर) ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना शवविच्छेदनाबद्दल विचारा. आणि महत्त्वाचं म्हणजे, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरात कुणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आला तर पक्षी अचानक गेल्याचं डॉक्टरांना आपण होऊन सांगा. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा न्यूमोनियासारखा आजार आहे. तो योग्य प्रतिजैविकाने बरा होतो, पण डॉक्टरांना त्याची शंका तर यायला हवी! पिंजरा साफ करताना मास्क लावा, वाळलेली विष्ठा आधी ओली करा, कोरडी झाडू नका.

लहान मुलांना "तो उडून गेला" असं सांगू नका. मूल खिडकीशी वाट बघत बसतं. त्याच रंगाचा दुसरा पक्षी गुपचूप आणून ठेवायचा उद्योगही नको. मुलांना कळतं, मोठ्यांना वाटतं त्याच्या आधी.

काकूंना झोपेची गोळी दिली नाही. शेजारच्यांकडची उसनी घेऊ नका, असंही बजावलं. पक्ष्यासाठी सहाला उठायच्या, ती वेळ मोडू नका म्हटलं. फडकं काढायचं त्या वेळी चालायला जा, आणि त्याची शिट्टी ऐकलेल्या एका तरी माणसाशी रोज त्याच्याबद्दल बोला. छातीत दुखलं, दम लागला तर मात्र 'मनाचं आहे' म्हणून घरी बसायचं नाही. मोठ्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता कमजोर पडू शकतो, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. पाळीव कुत्रा गेल्यावर तो झाल्याची नोंद आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो, आणि नुसत्या लक्षणांवरून, बऱ्याचदा ईसीजीवरूनही, तो हार्ट अटॅकपासून वेगळा ओळखता येत नाही. दोन आठवडे उलटूनही झोप-जेवण रुळावर आलं नाही, किंवा जगावंसंच वाटेना, तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

परवा काकू पुन्हा आल्या. १३८/८४. पिंजरा धुऊन माळ्यावर गेलाय. "डब्यात अर्धा किलो राळं उरलंय, चिमण्यांना घालू का?"

"त्या डब्यातलं नको. तो कशाने गेला ते आपल्याला माहीत नाही. टाकून द्या."

"मग नवीन आणते पावशेर," म्हणाल्या, आणि गोळ्यांच्या चिठ्ठीखाली मला ते लिहायला लावलं.