मीठ, रक्तदाब आणि मूत्रपिंडे

मीठ हे शरीरास आवश्यक असे द्रव्य होय. तथापि गरजेहून अधिक मीठ रोज पोटात गेल्यास होणारा अपाय सावकाश व नकळत होतो. म्हणून ग्रामसेवकांनी त्याची कारणे स्वतः समजून घेऊन शेतकरी कुटुंबांस सांगणे इष्ट आहे.

अपाय कसा होतो? मिठात सुमारे ४० टक्के सोडियम असते. सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते व रक्तदाब चढतो. जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे काम. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. चढलेल्या दाबाने त्यांतील बारीक रक्तवाहिन्या जाड होऊन गाळण्या निकामी होतात. मग सोडियम आणखीच साचते व दाब अधिक चढतो. निकामी झालेली गाळणी पुन्हा नवी होत नाही. बहुधा रोग्यास दीर्घकाळ काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून १४० वर ९० किंवा त्याहून अधिक दाब वारंवार आढळल्यास, दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये.

किती मीठ खावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता भरणार नाही इतकेच मीठ खावे. चार प्रौढांच्या घरास महिन्यास ६०० ग्रॅम पुष्कळ झाले. घरात महिन्यास किती मीठ लागते, एवढे विचारले तरी ग्रामसेवकास अंदाज येईल. लोणची, पापड, खारवलेली मासळी व बाजारचे फरसाण यांतील मीठ यात धरावे. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. सैंधव हेही मुख्यतः तेच मीठ होय.

काय करावे? ताटात वरून मीठ वाढू नये. चवीसाठी लिंबू, कोकम, लसूण, कोथिंबीर वापरावी. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी मात्र अवश्य द्यावी.

चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पूर्वी पक्षाघाताचा झटका आलेल्या अथवा रक्तदाब असलेल्या वृद्ध लोकांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले. त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. परंतु मूत्रपिंडाच्या रोग्याने असे मीठ वैद्यकीय सल्ल्यावाचून मुळीच घेऊ नये. त्याच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयास धोका होतो.

तिशी उलटलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. तेव्हा शेती व संसार दोन्ही खोळंबतात. त्यापेक्षा आजच चिमूटभर मीठ कमी करणे केव्हाही सोपे.