उशाशी बसणाऱ्याने काय पाहावे?



पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून नाशिकच्या रुग्णालयांत येणाऱ्या आदिवासी रुग्णांना आपल्यापैकी अनेक जण भेटतात, डबा पोचवतात, रात्री सोबत बसतात. सातपूरला राहून मीही हेच काम करते. वॉर्डात एका सिस्टरकडे अनेक खाटा असतात. उशाशी बसलेल्याचे लक्ष मात्र एकाच रुग्णावर असते. म्हणून तब्येत बिघडू लागल्याचे पुष्कळदा त्यालाच आधी दिसते.

खुणा कोणत्या?

रुग्ण ‘अचानक गेला’ असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा शरीर काही तास आधीपासून इशारे देत असते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये या इशाऱ्यांना गुण देण्याची पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, रक्तातील ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांची त्यात नोंद होते. गुण जितके जास्त, तितका धोका मोठा. यंत्र नसतानाही आपण पुढील गोष्टी पाहू शकतो.

१. श्वास : मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ पडलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. तो २५ किंवा त्याहून जास्त, अथवा ८ किंवा त्याहून कमी झाला, तर वरील पद्धतीत सर्वाधिक म्हणजे ३ गुण मिळतात. रुग्णाला न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा.

२. शुद्ध : काल नीट बोलणारा आज असंबद्ध बोलतो, घरच्यांना ओळखत नाही किंवा हलवूनही नीट जागा होत नाही. ‘थकून झोपला असेल’ असे समजू नका.

३. अंग आणि लघवी : हातपाय गार, घामाने चिकट, ओठ निळसर, लघवी फारच कमी.

हे शिकलेल्यांचेच काम आहे, असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर दायांसाठी श्वास मोजण्याचे साधे साधन केले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी. पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी आणि धोक्याच्या खुणा शिकवल्या. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

सांगायचे कसे?

गेल्या पावसाळ्यात एका वॉर्डात एक बाई मला हळूच म्हणाल्या, “ताई, हे पोरीला ओळखत नाहीत सकाळपासून.” सिस्टरांना सांगितले का, विचारले तर म्हणाल्या, “त्या रागावतील. त्यांना ठाऊक असेलच.” आम्ही दोघी जाऊन सांगितले. डॉक्टर आले आणि रुग्णाला तासाभरात अतिदक्षता विभागात हलवले. त्या बाईंना खूण कळली होती. सांगण्याचे धाडस होत नव्हते. डांगाणातून आलेल्या माणसाला शहरी रुग्णालयात हा संकोच वाटतोच. तिथे आपण तिच्या शेजारी उभे राहावे.

‘बरं दिसत नाही’ एवढेच म्हणू नका. काय बदलले, कधीपासून, किती, हे सांगा : “सिस्टर, खाट क्रमांक अमुक. दुपारपासून श्वास वाढलाय, आत्ता मिनिटाला ३० मोजला. मघापासून बरळतायत. कृपया आत्ता बघा.” काही वेळात कोणी आले नाही, तर इन्चार्ज सिस्टर, तिथेही नाही, तर ड्यूटीवरचे डॉक्टर. आवाज नम्र ठेवा, पण पाठपुरावा सोडू नका. गुंगीतल्या रुग्णाला पाणी पाजू नका, ऑक्सिजनचा मास्क स्वतः काढू नका. रुग्ण घरी असेल तर १०८ ला फोन करा.

आणि अशा वेळी आधी सिस्टरांना बोलवा, मग प्रार्थनेला बसा.

मंडळीत सराव

जोड्या करून एकमेकांचा श्वास एक मिनिट मोजा. मग एकाने सिस्टर व्हावे आणि दुसऱ्याने चार वाक्यांत निरोप सांगावा. शेवटी चर्चा करा : आपल्या ओळखीचा कोणता रुग्ण आज वॉर्डात एकटा आहे आणि त्याच्याजवळ रात्री कोण बसेल?