पक्षाघातातील तोल-मापन : भाषांतर आणि त्याची कसोटी

पक्षाघाताच्या रुग्णास स्नेहन, स्वेदन, बस्ती दिल्यावर ‘तोल सुधारला’ असे आपण केसपेपरवर लिहितो. किती सुधारला, हे सांगण्यासाठी बर्ग बॅलन्स स्केलचे गुण नोंदविण्याचा प्रघात वैद्यवर्गातही पडला आहे. कॅनडातील कॅथरिन बर्ग व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वृद्धांसाठी मांडलेल्या या मापनात १४ कृती असून प्रत्येकीस ० ते ४, असे एकूण ५६ गुण आहेत. सूचना मूळ इंग्रजीत. आपण त्या रुग्णासमोर तोंडी मराठीत करतो. घोटाळा येथेच होतो.

पहिली कृती बसल्या जागेवरून उठण्याची. हात न लावता उठून स्थिर राहिल्यास ४, हात टेकून उठल्यास ३. माझ्या एका रुग्णास पहिल्या दिवशी मी ‘आधार न घेता उठा’ म्हणालो. मुलाने दंड धरू नये, एवढाच अर्थ त्याने घेतला व खुर्चीचा हात दाबून तो उठला. तीन गुण. बस्तिक्रमानंतर ‘हात न टेकता उठा’ म्हटले, चार गुण. वाढलेला गुण बस्तीचा की माझ्या शब्दाचा, हे आजही सांगता येत नाही. ती नोंद मी अहवालातून वगळली.

जमिनीवरील चप्पल उचलण्याच्या कृतीत निराळी अडचण. वैद्यासमोर चप्पल हातात घेण्यास संकोचणारे आजोबा थबकतात आणि आपण गुण कापतो! वस्तू बदलावयाची तर एकदाच ठरवून सर्व रुग्णांना तीच द्यावी.

शास्त्रशुद्ध रीत अशी : दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावे, त्यांचा एक पाठ सिद्ध करावा, मूळ न पाहिलेल्यांकडून तो पुन्हा इंग्रजीत आणवावा, तज्ज्ञांनी तफावत तपासावी व अखेरीस मोजक्या रुग्णांवर पूर्वचाचणी घ्यावी. ब्राझीलमधील पोर्तुगीज पाठ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन परीक्षकांनी एकाच रुग्णास स्वतंत्रपणे दिलेले गुण जुळतात का, हे पाहावयाचे. केवळ क्रॉनबाख अल्फा उच्च आला म्हणून समाधान मानू नये. कृती परस्परांशी सुसंगत आहेत, एवढेच तो सांगतो. सर्वांना सारखीच चुकीची सूचना दिली असेल, तर तो मूक राहतो.

वाचा गेलेल्या किंवा केवळ अहिराणी समजणाऱ्या रुग्णास कृती स्वतः करून दाखवावी. मूळ मापनास ते मान्य आहे. मात्र प्रथम दाखविली असेल, तर उपचारानंतरही दाखवावी. औषधनिर्मात्यांनी आपल्या कल्पाच्या चाचणीत वापरलेला मराठी पाठ अहवालास शब्दशः जोडावा.