थोडे थोडे, रोज : क्रोशाचे रंगीत पांघरूण

(इयत्ता चौथी व पाचवी. कार्यानुभव, गणिताच्या जोडीने)

शाळेत हस्तकामाचे प्रदर्शन भरले म्हणजे मांडलेल्या वस्तूंपैकी कित्येक वस्तू मुलांच्या हातच्या नाहीत, हे पाहणाऱ्याच्या लवकरच ध्यानात येते. टाके एकसारखे असतात, कडा सरळ असतात, रंग मेळाचे असतात. परंतु ‘हे तू कसे केलेस?’ असे विचारताच मूल शिक्षकांच्या तोंडाकडे पाहू लागते. यात मुलाचा दोष नाही. काम त्याच्या आवाक्याबाहेरचे नेमावे, मुदत थोडी द्यावी आणि अखेरच्या आठवड्यात घरच्या वडीलधाऱ्यांनी अथवा शिक्षकांनी ते पुरे करावे, असा बहुधा प्रकार घडतो. मुलाच्या वाट्यास शाबासकी येते, कौशल्य येत नाही. आणि आपल्या हातून काही चांगले होत नसते, एवढा एकच धडा ते पक्का शिकते.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हा विचार मांडला गेला. पुढे १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभवास शालेय शिक्षणात स्थान देण्याची शिफारस केली. या दोन्ही विचारांचे मर्म वस्तूत नसून वस्तू करणाऱ्या हातात आहे. म्हणून काम असे निवडावे की, त्याचे लहान भाग पडतील, प्रत्येक भाग मुलाच्या आटोक्यात राहील, चूक झाल्यास ती मुलास स्वतःस दिसेल व स्वतःस सुधारता येईल, आणि सर्वांचे भाग जोडले असता उपयोगाची एक वस्तू सिद्ध होईल. क्रोशाच्या चौकोनांचे पांघरूण हे असे एक काम होय.

क्रोशाची ओळख

‘क्रोशा’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘लहान आकडी’ असा आहे. टोकाशी वाकवलेली एक सुई आणि एक धागा एवढ्यावर हे सारे विणकाम चालते. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला, तेव्हा क्रोशाच्या जाळीकामाने तेथील कितीतरी कुटुंबांना आधार दिला. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूरचा परिसर या कामासाठी प्रसिद्ध असून तेथील स्त्रिया घरोघरी ते करीत आल्या आहेत. मराठी घरांतूनही दारावरचे तोरण, ताटावरचा रुमाल, तांब्यावरचे झाकण या रूपांनी क्रोशा परिचित आहे.

प्राथमिक शाळेच्या दृष्टीने या कामाचा एक विशेष गुण आहे. दोन सुयांच्या विणकामात एकाच वेळी पुष्कळ टाके सुईवर असतात. सुई निसटली की ते सारे सुटतात आणि मूल रडकुंडीस येते. क्रोशात बहुधा एकच फास उघडा असतो. काम हातून पडले तरी फार तर दोनतीन टाके उसवतात. तास संपल्याची घंटा झाली की फास थोडा ओढून मोठा करावा, काम पिशवीत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे चालू करावे.

हे काम मुलींचेच, असा समज काही ठिकाणी आढळतो. त्यास आधार नाही. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीची जाळी विणणारे व दुरुस्त करणारे हात पुरुषांचे असतात. मेंढरांमागे चालता चालता लोकर कातणारे धनगर आपल्या परिचयाचे आहेत. वर्गातील सर्व मुलामुलींनी हे काम करावे. डावखुऱ्या मुलास डाव्या हातानेच विणू द्यावे. त्यास कृती दाखविताना शिक्षकांनी समोरासमोर बसावे, म्हणजे आरशात पाहावे तसे त्यास दिसेल.

साहित्य

साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई प्रत्येकी एक, मध्यम जाडीची लोकर, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, कात्री व मोजपट्टी एवढे साहित्य पुरे. लोकर सारीच नवी आणण्याचे कारण नाही. घरोघरी उरलेले लहान गुंडे व फाटलेले स्वेटर मिळतात. स्वेटर उसवून निघालेली लोकर नागमोडी असते. तिची सैल लड करून, चार ठिकाणी बांधून, कोमट पाण्यात भिजवावी व टांगून वाळवावी, म्हणजे ती सरळ होते. पांघरुणाचा रंगीबेरंगीपणा असा उरल्यासुरल्या लोकरीतून आपोआप येतो. वाकळेत जुन्या लुगड्यांचे तुकडे जसे एकत्र नांदतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र सर्व चौकोनांची शेवटची फेरी एकाच रंगाची असावी, म्हणजे निरनिराळे रंग एका चौकटीत बसतात. तेवढ्यापुरती लोकर विकत घ्यावी.

कृती

पहिले सहा दिवस केवळ साखळी व खांब यांचा सराव द्यावा. लोकरीस सरकगाठ मारून फास सुईवर घ्यावा, सुईवर लोकरीचा एक वेढा घेऊन तो फासातून ओढून काढावा, म्हणजे साखळीचा एक टाका झाला. खांबासाठी सुईवर आधी एक वेढा घ्यावा, मग सुई खालच्या जागेत घालून लोकर ओढून आणावी. आता सुईवर तीन फास दिसतील. पुन्हा वेढा घेऊन तो दोन फासांतून काढावा. परत वेढा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढावा. सुईवर एक फास राहिला की खांब पुरा झाला.

चौकोनाच्या आरंभी चार साखळ्या करून त्यांची टोके जोडावी व कडे करावे. पहिल्या फेरीत तीन साखळ्या कराव्या. त्या पहिल्या खांबाच्या जागी धराव्या. कड्यात आणखी दोन खांब घालावे, म्हणजे तीन खांबांचा एक गट होतो. नंतर कोपऱ्यासाठी तीन साखळ्या घ्याव्या. असे चार गट व चार कोपरे करून फेरीचे शेवटचे टोक सुरुवातीच्या तीन साखळ्यांच्या माथ्याशी जोडावे. लोकर कापताना बोटभर शेपूट ठेवावे व ते मागील बाजूने टाक्यांत ओवून टाकावे.

दुसरी फेरी नव्या रंगाने कोणत्याही कोपऱ्यात सुरू करावी. प्रत्येक कोपऱ्यात एक गट, तीन साखळ्या व पुन्हा एक गट असे घालावे. एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना एक साखळी घ्यावी. तिसऱ्या फेरीपासून कोपऱ्यांत पूर्ववत दोन दोन गट आणि बाजूंवरील प्रत्येक फटीत एक एक गट येतो. अशा पाच फेऱ्यांनी चौकोन पुरा होतो. तो साधारण दहा ते बारा सेंटिमीटर बाजूचा भरतो.

चूक आणि तिची दुरुस्ती

या पाठाचा खरा कस येथेच लागतो. तिसऱ्या फेरीच्या सुमारास एखादे मूल काम घेऊन येते.

‘बाई, माझा चौकोन वाटीसारखा झाला. तुम्ही नीट करून द्या ना.’

अशा वेळी सुई हाती घेण्याचा मोह शिक्षिकेने आवरावा.

‘बाळ, या फेरीत किती गट आहेत ते मोज पाहू.’

‘एक, दोन… अकरा आहेत.’

‘किती हवेत?’

‘बारा.’

‘मग बारावा कोठे राहिला असेल?’

मूल फेरीवरून बोट फिरविते आणि एका कोपऱ्याशी थांबते. ‘येथे एकच गट घातला, बाई.’

‘तेथपर्यंत उसव आणि तेथून पुढे चल.’

प्रत्येक फेरीचा घेर वाढला तरच काम सपाट राहते आणि ती वाढ कोपऱ्यांतील दुसऱ्या गटाने होते. गट गळला की कड आखडते व काम खोलगट होते; गट जादा झाला की कडेस चुण्या पडतात. म्हणजे चूक सांगण्यास शिक्षकाची गरज नाही, कामच ती सांगते. उसवताना मुलास वाईट वाटेल. तेवढे वाईट वाटू द्यावे. परंतु उसवलेली लोकर वाया जात नाही, ती पुन्हा तशीच विणता येते, हे त्यास दाखवून द्यावे. पाटीवरील चूक पुसून टाकता येते, तसेच हे आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल. त्यामुळे चौकोन थोडे लहानमोठे होणारच. गटांची संख्या बरोबर असेल तर केवळ दिसण्यासाठी चौकोन नापास करू नये. फार घट्ट विणणाऱ्यास थोडी जाड व फार सैल विणणाऱ्यास थोडी बारीक सुई द्यावी, एवढे पुरते. मुलाचा चौकोन रात्री घरी नेऊन सुधारून आणणारे शिक्षक पांघरूण सुधारतात, मूल नव्हे.

गणिताची जोड

पहिल्या फेरीत चार गट, म्हणजे १२ खांब होतात. दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८, पाचवीत ६०. बाराचा पाढा मुलांच्या बोटांखाली तयार होतो. एका चौकोनातील खांबांची बेरीज १८० येते. वर्गात ४० मुले असून प्रत्येकाने दोन चौकोन केले तर ८० चौकोन होतात. त्यांत १४,४०० खांब असतात. त्यांपैकी शेवटच्या फेरीचे ४,८०० खांब, म्हणजे बरोबर एक-तृतीयांश, एकाच रंगाचे लागतात. त्या रंगाची लोकर किती घ्यावी, हे काढण्यासाठी एका चौकोनाची पाचवी फेरी उसवून लोकर मोजपट्टीने मोजावी व त्या लांबीस ८० ने गुणावे. हा हिशेब मुलांनीच मांडावा.

रोजच्या कामाची वाटणी करताना फेऱ्या सारख्या नाहीत, हे विसरू नये. पहिले तीन दिवस एक एक फेरी, चौथी फेरी दोन दिवसांत व पाचवी दोन दिवसांत, याप्रमाणे सात दिवसांत एक चौकोन होतो. कोणत्याही दिवशी ३६ खांबांहून अधिक काम पडत नाही. अर्ध्या तासाच्या तासिकेत सराव झालेल्या मुलास ते झेपते. एके दिवशी भरपूर आणि चार दिवस काही नाही, असे होऊ देऊ नये; हात रोज चालला म्हणजेच टाका सारखा येतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण फळ्यावर लिहिण्यापेक्षा अशी हाताने अनुभवलेली बरी.

जोडणी

आठ चौकोनांची एक अशा दहा ओळी कराव्या. दोन चौकोनांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून बोथट सुईने कडेस टाके घालावे. नंतर ओळी एकमेकींस जोडाव्या. चौकोनाची बाजू दहा सेंटिमीटर धरल्यास ८० सेंटिमीटर रुंद व १०० सेंटिमीटर लांब असे लहान मुलाचे पांघरूण तयार होते. कोणता चौकोन कोठे बसवावा, हे मुलांनी जमिनीवर मांडून ठरवावे. वहीत तसाच आराखडा काढून प्रत्येक घरात करणाऱ्याचे नाव लिहावे. सर्वांत वाकडा चौकोन कोपऱ्यात दडवू नये. इतरांप्रमाणे त्याचीही जागा मुलांच्या मताने ठरावी.

२०१६ साली चेन्नई येथे अनेक हातांनी विणलेले तुकडे जोडून ११ हजार चौरस मीटरांहून मोठे क्रोशाचे पांघरूण करण्यात आले व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. पुढे त्याचे भाग गरजूंना वाटण्यात आले. शाळेच्या पांघरुणाचेही प्रयोजन प्रदर्शनापुरते नसावे. गावातील अंगणवाडीत दुपारी निजणाऱ्या बालकासाठी ते थंडीपूर्वी मुलांनीच नेऊन द्यावे. पाहणाऱ्याने ‘हे कसे केलेस?’ असे विचारले, तर वर्गातील प्रत्येक मूल आपल्या चौकोनावर बोट ठेवून पहिल्या साखळीपासून सांगू शकेल. तसे झाले तर पाठ सफल झाला असे समजावे.

स्वाध्याय

१. चौकोनास सहावी फेरी घातली तर तीत किती खांब येतील? सहा फेऱ्यांचे एकूण खांब किती?
२. वर्गात ३६ मुले आहेत. प्रत्येकाने दोन चौकोन केले तर ८० चौकोनांस किती कमी पडतील? ते कोणी करावे, हे कसे ठरवाल?
३. आठ चौकोनांच्या दहा ओळी जोडताना चौकोनांच्या एकूण किती कडा शिवाव्या लागतील? आधी एका ओळीतील कडा मोजा.
४. पांघरुणाच्या चारी बाजूंनी एक फेरी घालावयाची आहे. तिची लांबी किती सेंटिमीटर होईल?
५. चौथ्या फेरीत १५ गट आले. चूक कोठे शोधाल?