ज्येष्ठमध व जिनसेंगयुक्त पेय : घेताना बाळगावयाची दक्षता

ज्येष्ठमध ही घरोघरी परिचित अशी मुळी होय. खोकला झाला असता तिचा तुकडा दाढेखाली धरावा, विड्यात तिची पूड घालावी, हा जुना प्रघात आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु हीच मुळी जिनसेंगाबरोबर मिसळून केलेली शक्तिवर्धक पेये आता बाजारात मिळतात. वसई-विरारकडील वाडीत दिवसभर राबून आलेल्या माणसास असे पेय रोज घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून त्यातील धोका ग्रामकार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसरायझिन या द्रव्याची. हे द्रव्य सतत व अधिक प्रमाणात पोटात गेल्यास शरीर मीठ व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. (खताच्या पोत्यावरील पालाश ते हेच, पिकाप्रमाणे माणसासही त्याची उणीव बाधते.) परिणामी रक्तदाब वाढतो, पायांवर सूज येते, स्नायू दुबळे होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित पडू शकतात. किनाऱ्यावरील आहारात खारवलेली मासळी असते. तिच्या मिठात ही आणखी भर पडते.

युरोपीय संघाच्या अन्नविषयक शास्त्रीय समितीने २००३ साली या द्रव्याची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचविली. मुळीत ते साधारणतः शेकडा २ ते १५ असते. शेकडा ४ धरले तरी अडीच ग्रॅम पुडीत, म्हणजे लहान चमचाभरात, ही मर्यादा गाठली जाते. ज्या बाटलीवर ज्येष्ठमधाचे प्रमाण छापलेले नाही, ते पेय रोज घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, गर्भवतींनी, तसेच लघवी वाढविणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी ते वर्ज्य करावे. जिनसेंगाने काहींची झोप उडते. मधुमेहाच्या औषधांबरोबर रक्तातील साखर फार उतरू शकते आणि रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरीनचा गुण कमी होऊ शकतो. आस्कंदास ‘भारतीय जिनसेंग’ म्हणून विकतात, पण ती वनस्पती निराळी.

सूज, अशक्तपणा वा धडधड जाणवल्यास पेय त्वरित बंद करावे आणि बाटलीसह डॉक्टरांकडे जावे. बंद केल्यानंतरही परिणाम दोन आठवडे टिकू शकतो.

घरी पेय करण्यासाठी कुंपणावरील गुंजेची मुळी ज्येष्ठमध म्हणून उपटू नये. गुंजेचा पाला गोड असल्याने विड्यात घालतात, यामुळे मुळीविषयीही गैरसमज होतो. तिचे लाल-काळे बी तर अत्यंत विषारी असते. मुलाने ते चावून गिळल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता त्यास रुग्णालयात न्यावे.