पाहुण्यांना गोळकोंडा दाखवताना

आबिड्सला राहणाऱ्या मराठी घरात मे महिना पाहुण्यांचा असतो. नांदेड-परभणीकडची मंडळी सकाळच्या गाडीने उतरतात, चहा होतो, आणि पोहे संपायच्या आत कुणीतरी विचारतंच, "मग आज गोळकोंडा उरकून टाकायचा ना?" आबिड्सहून किल्ला जेमतेम दहा-अकरा किलोमीटर, त्यामुळे ते 'उरकणं' सोपं वाटतं. टेकडी साधारण चारशे फुटांची, पायऱ्या साडेतीनशेच्या वर. सिंहगड-राजगड पायाखाली घातलेल्या माणसाला हे आकडे सांगितले की तो हसतो. आमच्या नणंदेचे यजमानही हसले होते.

मागच्या एका उन्हाळ्यात नणंद, तिचे यजमान, दोन मुलं आणि तिच्या सासूबाई असे सगळे आले होते. सासूबाईंना आम्ही काकू म्हणतो. पाहुण्यांनी येण्याआधीच एका प्रवासी कंपनीची गाडी ठरवली होती. सकाळी चारमिनार, मग सालारजंग, जेवण, दुपारी दोनला गोळकोंडा आणि साडेचारला हुसेनसागर, असं छापील वेळापत्रकच होतं. फतेह दरवाज्यातून गाडी आत शिरली तेव्हा रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. दाराशी पाण्याच्या बाटल्या विकणारा माणूस काकूंकडे बघून म्हणाला, "अम्मा, पानी यहींच से लेके जाओ, ऊपर नै मिलता." एवढ्या मंडळींत दोन बाटल्या घेतल्या गेल्या, कारण ड्रायव्हरने तासाभरात परत यायला बजावलं होतं.

रामदासाच्या कोठडीपाशी काकू बसल्या. "मला काही झालं नाही, तुम्ही व्हा पुढे," म्हणाल्या. घरातली वडीलधारी माणसं हे वाक्य इतक्या वेळा म्हणतात की आपण ते खरं धरून चालतो. पण मघापासून घामाने निथळणारा त्यांचा चेहरा लालबुंद आणि कोरडा ठाक पडला होता. "नांदेडची गाडी किती वाजता आहे गं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मग आणखी एकदा. तिथे मात्र पोटात गोळा आला.

त्यांना सावलीत आडवं केलं, पदर भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला, वर्तमानपत्राने वारा घातला. एका तेलुगू कुटुंबाने आपल्याजवळचं सगळं पाणी आमच्या हवाली केलं, त्यांच्यातल्या एकाने १०८ ला फोन लावला. पण अँब्युलन्स येणार दरवाज्यापर्यंत. पायऱ्या तिला कशा चढता येणार? कॉलेजच्या चार पोरांनी हातांची पालखी करून काकूंना खाली आणलं. मेहदीपट्टणमच्या दवाखान्यात सलाईन लागली आणि रात्री उशिरा त्या ओळखीचं बोलू लागल्या. आज त्या ठणठणीत आहेत. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी जे सांगते, तेच इथे मांडते आहे.

पहिली गोष्ट वेळेची. सिंहगडावर वारा असतो, वाटेत झाडं असतात. गोळकोंडा म्हणजे उघडा ग्रॅनाइट. दुपारी ऊन वरून लागतं आणि तापलेला दगड खालून भाजतो. मार्च ते जून या महिन्यांत सकाळी दार उघडताच आत शिरा आणि दहा-साडेदहाला उतरायला लागा. हे जमणार नसेल तर उन्हं कलल्यावर जा, पण संध्याकाळी माणसांना बाहेर काढायला सुरुवात होते हे धरून चाला. खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. किल्ल्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढा. चार ठिकाणांच्या रांगेत त्याला बसवलं की नेमकी दुपारच त्याच्या वाट्याला येते.

दुसरी गोष्ट चढणीची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळ्यांनी वर जायलाच हवं, हा हट्ट सोडा. बाला हिसार दरवाज्यातून आत गेलं की एक घुमट लागतो. त्याखाली उभं राहून टाळी वाजवली तर ती माथ्यावरच्या बारादरीपाशी ऐकू येते. वर कोण येतंय याची खबर मिळावी म्हणून ही सोय केली, असं सांगतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, ज्यांना रक्तदाब किंवा साखर आहे, त्यांनी खाली थांबावं. चढलेल्यांनी माथ्यावर पोचल्याचा फोन करावा, मग खालच्यांनी टाळी द्यावी. वर कान लावून बसलेल्या नातवंडांना आजीची टाळी ऐकू आली की ती नाचायला लागतात, आणि आजीलाही आपण मागे राहिलो असं वाटत नाही. खाली पाहायलाही पुष्कळ आहे: नगिना बाग, शस्त्रागार, राणीमहालाचे पडके चौक, तारामतीची मशीद. हे सगळं सपाटीवर आहे, आणि सावलीही तिथेच मिळते.

चढणाऱ्यांनी पुरेसं पाणी घ्यावं, टोपी घ्यावी, बूट घालावेत. पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे चपलेत पाय सटकतो. वाटेत अंबरखाना, इब्राहिमची मशीद आणि माथ्याजवळ जगदंबा महाकालीचं देऊळ लागतं. उतरायची वाट वेगळी आहे, पण ती जास्त उभी आहे. लहान मूल सोबत असेल तर आल्या वाटेनेच परत फिरा. बुरुजाच्या कडेला उभं राहून फोटो काढायला कुणालाही देऊ नका, मग पोरं कितीही रुसोत.

ऊन लागल्याची खूण ओळखायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा. डोकं दुखणं, मळमळ, पायांत गोळे येणं ही पहिली पायरी. तेव्हाच सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्यावं. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं किंवा घाम थांबला, तर तोंडाने काही देत बसू नये. अंग ओलं करून वारा घालावा आणि लगेच १०८ लावावा. "जरा बसलं की बरं वाटेल" म्हणून थांबू नये.

गाईड करायचा असेल तर ओळखपत्र पाहून, पैसे आधी ठरवून करा. गोष्टी ऐका, पण गाळून घ्या. चारमिनारपर्यंत भुयार आहे हे सगळेच सांगतात, त्याचा पुरावा कुणी दाखवत नाही. कोहिनूर इथे जमिनीतून निघाला असंही ऐकायला मिळेल. गोळकोंडा ही हिऱ्यांची बाजारपेठ. खाणी होत्या कृष्णेच्या काठी, कोल्लूरसारख्या गावांत.

मराठी मुलांना सांगण्यासारखं खरं काही इथे कमी नाही. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला, येऊन अबुल हसन कुतुबशहाला भेटले. त्याचा कारभार मादण्णा आणि आकण्णा हे भाऊ पाहत होते. त्यांच्या कचेऱ्यांच्या भिंती किल्ल्यात दाखवतात. त्यानंतर दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाचा वेढा आठ महिने पडून राहिला. भिंती काही हटेनात. शेवटी अब्दुल्लाखान पन्नीने आतून दार उघडून दिलं. अबुल हसनला, म्हणजे तानाशाहाला, कैद करून देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यात ठेवलं. वेरूळच्या सहलीत दौलताबादचा चिनी महाल पाहिलेल्या पोरांना विचारा, तिथे कोण कैदेत होतं? कान टवकारतील. आणि रामदास म्हणजे आपले समर्थ नव्हेत. हा भद्राचलमचा भक्त, कंचर्ल गोपन्ना. सरकारी वसुलीचा पैसा देवळाला लावला म्हणून कैदेत पडला. ही गोष्ट मुलांना घरी सांगा. कोठडीपाशी पोचेपर्यंत त्यांना दम लागलेला असतो.

काही दिवस टाळावेत. आषाढात बोनालूची सुरुवात गोळकोंड्याच्या देवीपासूनच होते. उत्सव पाहायचा असेल तर जरूर जा, पण किल्ला पाहण्याची आशा सोडून. २०१४ पासून तेलंगणाचं १५ ऑगस्टचं झेंडावंदन इथे होतं, त्यामुळे आधीच्या दिवसांत तयारीसाठी प्रवेश बंद असू शकतो. रविवारी अख्खं शहर लोटतं. त्या दिवशी पाहुण्यांना आबिड्सच्या फुटपाथवर मांडलेली जुनी पुस्तकं दाखवा आणि किल्ला सोमवारी ठेवा. सालारजंग शुक्रवारी बंद असतं, तेव्हा शुक्रवारची सकाळ किल्ल्याला द्यायला उत्तम.

आबिड्सहून नामपल्ली, मेहदीपट्टणम, लंगर हौज असा रस्ता आहे. फतेह दरवाज्याच्या आत वस्ती आहे, बाजार आहे. मोठी गाडी तिथे अडकून पडते, रिक्षा बरी. पुरातत्त्व खात्याच्या नियमाने पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला तिकीट वेगळं, आणि कोणत्या वेळेला कोणती भाषा ते आधी विचारून घ्या. चढणं न झेपणाऱ्यांना हा कार्यक्रम फार आवडतो. फक्त डासांसाठी मलम लावून बसवा.

प्रवासी कंपनी एका दिवसात सगळं शहर दाखवायचं कबूल करते, कारण तिला पायऱ्या चढायच्या नसतात. यजमानाने मात्र पोह्यांच्या ताटल्या उचलायच्या आधीच एक गोष्ट पक्की करावी: वर कोण जाणार आणि खाली कोण थांबणार. ती ठरली की बाकीचं वेळापत्रक कुणी छापलं तरी चालेल.